पायरी ओळखून

एकतीस वर्षं वाल्पराइसोच्या डोंगरावर
मी माणसं वर नेली, खाली आणली.
लाकडी डबा, दोन रूळ, तेल पाजलेला दोर,
आणि दांडा ओढणारा मी, नोल्बेर्तो कार्कामो.
शेजारचा जिना खिडकीतून रोज दिसायचा.
तो इतरांसाठी होता :
शाळकरी पोरं, कुत्री,
महिनाअखेरीला खिसे चाचपणारी माणसं.

मग छाती उघडली.
सर्जनबाईंनी डाव्या पोटरीतली शीर काढली
आणि काळजावर शिवली, तीन ठिकाणी.
छातीचं फाटक तारेनं बांधून टाकलं.
म्हणाल्या, दोन किलोच्या वर काही उचलायचं नाही.
म्हणजे भरली किटली नाही. नात नाही.
आणि चालायचं.
किती?
घरापर्यंत.

घर वर आहे. एकशे त्रेसष्ट पायऱ्या.

अर्थात घरी आलो तो लिफ्टनंच,
माझ्याच डब्यात, माझ्या जागी बसलेल्या
इस्माएलकडे न बघता.
पहिला आठवडा पलंग ते न्हाणी.
उशी पोटाशी कवटाळून खोकायचं.
ऑर्तेन्सिया म्हणाली, लग्नात मला
इतकं घट्ट धरलं नव्हतंस.
हसू आलं, आणि हसणंही दुखलं,
तेव्हा ती घाबरून गप्प झाली, दिवसभर.

मग दार ते कोपरा. मग कोपरा ते पावाचं दुकान.
व्यायाम शिकवायला येणारी माइते, वय चोवीस,
तिचा नियम एवढाच :
चालताना बोलता आलं पाहिजे.
बोलता येईना तर थांबा,
गाता यायला लागलं तर तुम्ही चुकारपणा करताय.
म्हणून मी बोलतो, कुत्र्याशी.
त्याचं नाव नगरसेवक,
कारण तो सगळ्यांच्या दारात झोपतो
आणि कुणाच्याच कामाला येत नाही.
त्याला सगळं सांगून झालंय :
तुटलेल्या दोराची रात्र, माझ्या भावाचं कर्ज,
ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी
मी कागदावर काय लिहिलं आणि का फाडलं.

लोक म्हणतात, माणसानं आपली पायरी ओळखून राहावं.
ओळखतो की.
सदतिसावी हलते.
बावन्नावर कुणीतरी नाव लिहून खोडलंय,
खोडून पुन्हा लिहिलंय.
नव्वदावर मासळीचा वास संपतो आणि कपड्यांच्या साबणाचा सुरू होतो.

त्या नव्वदावरच मे महिन्यात धक्का बसला.
छातीखाली एकदम, धडाड.
मी कठडा धरला. नगरसेवक भुंकेना.
मनात म्हटलं, संपलं नोल्बेर्तो,
बाई काही शिवणकामात पक्की नव्हती.
तेवढ्यात वरून कुंडी घरंगळत आली,
दारं उघडली, बायका अंगणात धावल्या,
तारा झोके घेत होत्या.
भूकंप!
एवढा आनंद मला
नात झाली तेव्हाही झाला नव्हता.
सगळे भिंतींपासून लांब पळत होते
आणि मी पायरीवर बसून हसत होतो,
माझा नव्हे, जमिनीचा, जमिनीचा!
शेजारीण रोसालबा अजून माझ्याशी नीट बोलत नाही.
तिची कपाटातली चिनीमाती गेली त्या दिवशी.

शीर मुळात पायाची.
मी खुर्चीत फार वेळ बसलो
की ती काळजावर बसून चुळबुळ करते,
निघायचं का, निघायचं का.
पोटरीवरचा व्रण मात्र हवा बदलली की खाजतो.
रिकाम्या खोलीलाही आठवण असते वाटतं.

इस्माएल डबा हळू करतो, माझ्या पायरीशी समांतर.
काका, चढा, तुमच्याकडून पैसे घेणार का मी?
ऑगस्टात उत्तरेचा वारा होता, पाऊस आडवा,
त्या दिवशी चढलो. लपवत नाही.
एरवी हात हलवतो नुसता.
तो वर जातो तेव्हा दुसरा डबा खाली येतो,
मधे कुठेतरी मी, धापा टाकत,
कुत्र्याला काहीतरी सांगत.

काल एकशे बासष्ट भरल्या.
ऑर्तेन्सिया दारातून ओरडली, त्रेसष्ट!
म्हणजे एक कुठेतरी मी गाळतोय.
उद्या वरून मोजत उतरेन.